तीन गठ्ठे, एक पाठ

सांगलीत हाताने पुस्तकबांधणी करणारी दुकाने आता बोटांवर मोजण्याइतकीच उरली आहेत, आणि त्यांतही शाळेच्या वह्या, हिशेबाची रजिस्टरे व विद्यार्थ्यांचे प्रबंध यांच्या पलीकडचे काम अंगावर घेणारा माणूस शोधूनच काढावा लागतो. गणपती पेठेच्या मागच्या एका बोळात असे एक दुकान आहे. दुकानावर पाटी नाही आणि मालकांना आपले नाव कोठे छापून आलेले नको आहे, म्हणून मी ते देत नाही. परंतु त्यांनी माझे जे काम केले, त्याची नोंद त्यातील दोषांसह येथे करतो, कारण पुराच्या पाण्यातून वाचलेली कागदपत्रे या गावात माझ्या एकट्याच्या घरी नाहीत.

काम दोन वस्तूंचे होते. पहिली वस्तू म्हणजे हंगेरीत जन्मलेले ज्यू डॉक्टर, बातमीदार आणि लेखक मॅक्स नॉर्डाऊ यांच्या ‘डिजनरेशन’ (म्हणजे ‘अवनती’) या ग्रंथाची १८९५ सालची इंग्रजी प्रत, सुमारे साडेपाचशे पानांची, जी ऑगस्ट २०१९ च्या महापुरात आमच्या गावभागातील घरात तळमजल्याच्या कपाटात भिजली. दुसरी वस्तू म्हणजे माझ्या वडिलांनी निवृत्तीनंतर लिहिलेले आणि कधीही न छापलेले नॉर्डाऊ यांचे मराठी चरित्र. वडील डॉक्टर होते. मुंबईत शिकत असताना त्यांच्या वर्गातील एका बेने इस्रायली, म्हणजे कोकणातील मराठी ज्यू, मित्राने देश सोडून जाताना हा इंग्रजी ग्रंथ त्यांना दिला होता, आणि त्यातून सुरू झालेला नाद त्यांना शेवटपर्यंत पुरला. चरित्राचे फुलस्केप कागदांचे तीन गठ्ठे होते आणि प्रत्येकावर लाल पेन्सिलीने ‘डॉक्टर’, ‘बातमीदार’ आणि ‘चळवळ’ असे लिहिले होते. पाण्याने गठ्ठे एकमेकांत मिसळले, आणि पानांवरचे शाईचे आकडे निम्म्याहून अधिक ठिकाणी पुसले गेले.

मालकांनी प्रथम इंग्रजी ग्रंथ उचलला, नाकाजवळ नेऊन वास घेतला आणि अंगठ्याने पाठीवरून फर्मे, म्हणजे एकत्र शिवलेले घडीच्या पानांचे जुडगे, मोजले. मग माझ्या तीन गठ्ठ्यांकडे पाहून त्यांनी विचारले, “डॉक्टर, ह्याचं तीन करायचं का एक? तीन केलं तर हाताळायला सोपं. एक केलं तर पाठ जड हुणार, पन शिलाई मी तशी घालतो.” मी वडिलांची विभागणी सांगितली. त्यावर ते म्हणाले, “मानूस एकच हाय न्हवं?”

पाने लावून दिल्याशिवाय शिलाई होणार नव्हती आणि ओले होऊन वाळलेले कागद घरी नेण्या-आणण्यात आणखी फाटले असते, म्हणून मी तीन दुपारी दुकानातच लाकडी फळीवर बसून पाने लावली. या दुकानाची पहिली चांगली गोष्ट ही, की गिऱ्हाइकाला असे बसू दिले जाते. पाने लावताना मात्र मालकांचा प्रश्न मला सुटेना, कारण कोणते पान कोणत्या गठ्ठ्यात घालावे हे दर चार पानांमागे अडत होते.

सुरुवातीची पाने सोपी होती. नॉर्डाऊ यांचा जन्म २९ जुलै १८४९ रोजी हंगेरीतील पेस्ट या शहरी एका धर्मनिष्ठ ज्यू घरात झाला. नॉर्डाऊ यांचे वडील हिब्रूचे जाणकार आणि शिक्षक होते. मुलगा मात्र तरुणपणीच धर्माचरणापासून दूर गेला. आडनाव मूळचे ‘स्यूडफेल्ड’, म्हणजे जर्मनमध्ये दक्षिणेकडचे शेत. ते बदलून त्यांनी ‘नॉर्डाऊ’, म्हणजे उत्तरेकडचे कुरण, असे नाव घेतले. हा बदल १८७३ चा, म्हणजे ज्या वर्षी बुडा आणि पेस्ट ही शहरे एक झाली त्याच वर्षीचा. दक्षिणेचे उत्तर करून टाकणाऱ्या या तरुणाला आपण जर्मन संस्कृतीचे आहोत असे मनापासून वाटत होते, आणि वयाच्या पंचेचाळिशीपर्यंत तरी या समजुतीला फारसा तडा गेला नाही.

शिक्षण वैद्यकाचे आणि पोटाची सोय पत्रकारितेची, ही जोडी विद्यार्थिदशेपासूनची. पेस्टमधील ‘पेस्टर लॉइड’ या जर्मन दैनिकात ते तरुणपणीच लिहू लागले, युरोपभर हिंडले, आणि १८८० साली पॅरिसला येऊन स्थिरावले. तेथे सकाळी रोगी तपासावेत आणि रात्री बर्लिनच्या ‘फोसिश त्साइटुंग’साठी बातमीपत्र लिहावे, असा क्रम अनेक वर्षे चालला. मज्जाविकारांचे प्रख्यात वैद्य शार्को यांच्या पॅरिसमधील शिकवणीचा त्यांच्यावर खोल परिणाम झाला. आता हे पान ‘डॉक्टर’मध्ये घालायचे की ‘बातमीदार’मध्ये? मी ते दोनदा इकडून तिकडे केले. मालक शेजारी खळ ढवळत होते. त्यांनी त्यात मोरचूद किती घातले हे मी विचारले, तर चिमटीने दाखवले. कसर लागू नये म्हणून मोरचूद घालण्याची ही जुनी रीत आता फार थोड्या ठिकाणी पाळली जाते, आणि तयार डिंकाच्या डब्यावर काम उरकणाऱ्यांच्या पुस्तकांची दहा वर्षांत काय अवस्था होते हे आमच्या घरच्या इतर कपाटांत पाहायला मिळते.

१८८३ साली नॉर्डाऊ यांचे ‘संस्कृतीतील रूढ असत्ये’ या अर्थाच्या नावाचे पुस्तक निघाले. धर्म, राजसत्ता, राजकारण, अर्थव्यवहार आणि विवाह या संस्थांमध्ये लोक वरवर एक मानतात आणि आत दुसरेच जगतात, असा त्याचा सूर होता. ऑस्ट्रियात त्यावर बंदी आली, आणि बंदीमुळे व्हायचे तेच होऊन ते युरोपभर वाचले गेले. कराडजवळच्या टेंभूत जन्मलेल्या आगरकरांचे लेख ज्यांनी वाचले आहेत, त्यांना हा सूर ओळखीचा वाटेल; दोघे जवळजवळ समकालीनच. आगरकर मात्र आपल्या समाजाशी वाद घालत असत, त्याला रोगी ठरवून बाजेवर झोपवत नसत, हा फरक वडिलांनी एका तळटीपेत नोंदवला आहे आणि मला तो महत्त्वाचा वाटतो.

कारण नॉर्डाऊ यांनी पुढे नेमके तेच केले. ‘डिजनरेशन’ मूळ जर्मनमध्ये १८९२-९३ साली दोन खंडांत आले. अर्पण केले आहे इटलीतील गुन्हेगारीशास्त्रज्ञ लोंब्रोसो यांना, ज्यांच्या मते गुन्हेगार हा जन्मतःच शरीररचनेने ओळखू येतो. भिजलेली पाने एकेक सुटी करून टिपकागदात ठेवताना अनुक्रमणिका माझ्या डोळ्यांसमोर बराच वेळ होती: लक्षणे, निदान, रोगाची कारणे, आणि अगदी शेवटी रोगाचे भवितव्य आणि उपचार. हा एका साहित्यसमीक्षेच्या ग्रंथाचा आराखडा आहे यावर विश्वास बसत नाही. आम्ही विद्यार्थी असताना रोग्याचा कागद याच क्रमाने लिहीत होतो. रोगी कोण, तर वाग्नर, इब्सेन, टॉलस्टॉय, नीत्शे, झोला, बोदलेअर, व्हर्लेन, ऑस्कर वाइल्ड. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरची जवळजवळ सगळी नवी कला या डॉक्टरांनी मज्जाविकाराच्या खात्यावर टाकली. नाट्यपंढरी म्हणवणाऱ्या गावात आयुष्य काढलेल्या माणसाला इब्सेनची नाटके हा आजार आहे असे ऐकून घेणे कठीण जाते. पण त्याहून मोठी हरकत वैद्यकीय आहे. यांपैकी जवळजवळ कोणालाही त्यांनी तपासले नव्हते. पुस्तके वाचून, चित्रे पाहून आणि बातमीदाराच्या सराईतपणाने कात्रणे जमवून निदान केले होते.

ग्रंथाचा गवगवा प्रचंड झाला. बर्नार्ड शॉ यांनी १८९५ सालीच त्याला सडेतोड उत्तर दिले. वाइल्ड यांची गोष्ट अधिक करुण आहे: समलिंगी संबंधांबद्दल तुरुंगात असताना १८९६ साली गृहमंत्र्यांकडे केलेल्या अर्जात त्यांनी आपली वर्तणूक हा रोग आहे, गुन्हा नव्हे, असे सांगण्यासाठी ज्या शास्त्रज्ञांचा आधार घेतला त्यांत नॉर्डाऊ यांचे नाव होते. आणि १९३७ साली, लेखकाच्या मृत्यूनंतर चौदा वर्षांनी, नाझींनी म्युनिकमध्ये नव्या चित्रकारांची टवाळी करणारे प्रदर्शन भरवले तेव्हा त्याच्या नावात हाच ‘अवनत’ शब्द होता. एका ज्यू डॉक्टरने प्रचारात आणलेले निदान ज्यूंच्या जिवावर उठलेल्यांनी उचलावे, हा भाग वडिलांनी दोन वाक्यांत आटोपला आहे. मी असतो तर तेथे दहा पाने लिहिली असती.

येथे दुकानाच्या पहिल्या दोषाकडे येतो. इंग्रजी ग्रंथाच्या कडा कापू नयेत असे मी दोनदा सांगितले होते, कारण समासात वडिलांच्या पेन्सिलीच्या नोंदी होत्या. मालकांनी ते लक्षात ठेवले. पण यंत्रावरच्या मुलाने सवयीप्रमाणे तिन्ही बाजूंनी पाते फिरवले. नुकसान एका रेघेएवढेच, परंतु उपचारांच्या प्रकरणाजवळ वडिलांनी लिहिलेली ‘रोग्याला न पाहता निदान’ ही नोंद आता ‘रोग्याला न पाहता निदा’ अशी उरली आहे. मालकांनी चूक मान्य केली आणि त्या ग्रंथाचे कापणीचे पैसे धरले नाहीत. मुलाला त्यांनी माझ्यासमोर बोलणी दिली नाहीत, हेही मला बरे वाटले.

तिसऱ्या गठ्ठ्याची सुरुवात कोठून होते, हे ठरवताना सर्वांत अधिक वेळ गेला. ‘नोये फ्राये प्रेस’ या व्हिएन्नाच्या वृत्तपत्राचे पॅरिसमधील बातमीदार थिओडोर हर्त्झल हे नॉर्डाऊ यांचे ओळखीचे, त्यांच्यासारखेच पेस्टमध्ये जन्मलेले आणि त्यांच्याहून अकरा वर्षांनी लहान. ५ जानेवारी १८९५ रोजी पॅरिसमध्ये फितुरीचा खोटा ठपका आलेल्या कॅप्टन ड्रायफस या निरपराध ज्यू अधिकाऱ्याच्या गणवेशावरील हुद्द्याची चिन्हे सर्वांदेखत उपटून काढण्यात आली, त्या काळात दोघेही तेथेच होते. ज्यूंसाठी स्वतंत्र राष्ट्र हवे ही कल्पना हर्त्झल सांगू लागले तेव्हा त्यांचे डोके फिरले अशी शंका येऊन एका मित्राने त्यांना नॉर्डाऊ यांच्याकडे, म्हणजे मनाच्या डॉक्टरकडे, जायला सांगितले, अशी कथा सांगितली जाते. तपासणीचा निष्कर्ष असा निघाला की डॉक्टरच रोग्याच्या मताचे झाले. कथेत सजावट असेल, पण नोव्हेंबर १८९५ मध्ये हर्त्झल यांनी आपली योजना नॉर्डाऊ यांच्यापुढे मांडली आणि युरोपभर नाव असलेला पहिला लेखक त्यांना मिळाला, हे मात्र खरे. आता हे पान कोठे घालावे? दोन बातमीदार, एक दवाखाना आणि एका चळवळीचा जन्म, हे सगळे एकाच पानावर.

त्या दुपारी मी मालकांना सांगितले की एकच पुस्तक करा.

२९ ते ३१ ऑगस्ट १८९७ या तीन दिवसांत स्वित्झर्लंडमधील बाझल येथे पहिली झायनिस्ट परिषद, म्हणजे ज्यूंसाठी स्वतःची भूमी मागणाऱ्या या चळवळीची पहिली परिषद, भरली. सुमारे दोनशे प्रतिनिधी आले होते; नॉर्डाऊ उपाध्यक्ष होते, आणि जगातील ज्यूंच्या एकंदर परिस्थितीवरील मुख्य भाषण त्यांचे झाले. वडिलांनी त्याचा सविस्तर सारांश दिला आहे आणि तो चरित्रातील सर्वांत चांगला भाग आहे. भाषणाची बांधणी पुन्हा दवाखान्यातलीच. पूर्व युरोपातील ज्यूंचे दुखणे शरीराचे, म्हणजे अन्न, वस्त्र आणि जीव यांची शाश्वती नसल्याचे. पश्चिमेकडील ज्यूंचे दुखणे मनाचे. फ्रेंच राज्यक्रांतीने तर्काला धरून त्यांना समान हक्क दिले, परंतु शेजाऱ्यांच्या मनाने ते कधी दिले नाहीत. त्यामुळे जुनी वस्ती सुटली, नवी मिळाली नाही, आणि आपले खरे रूप लपवीत जगण्याची सवय लागली. हे सांगताना वक्त्याने स्वतःचे नाव घेतले नाही, पण स्यूडफेल्डचा नॉर्डाऊ झालेला माणूस बोलत होता. लेखकांना न तपासता रोगी ठरवणाऱ्या या डॉक्टरने बाझलला रोगी प्रथमच आतून पाहिला होता.

परिषदेचा कार्यक्रम ज्या समितीने तयार केला तिचे नॉर्डाऊ प्रमुख होते. पॅलेस्टाइनमध्ये ज्यू लोकांसाठी सार्वजनिक कायद्याने सुरक्षित असे ‘घर’ निर्माण करणे, हे त्यातील मध्यवर्ती वाक्य. ‘राज्य’ हा शब्द मुद्दाम टाळला होता, कारण त्या वेळी तो प्रदेश तुर्की सुलतानाच्या ताब्यात होता. शब्द तोलून वापरण्याच्या या कसोटीला बातमीदारच उतरू शकला असता. या पानाच्या समासात वडिलांची एक नोंद आहे: परिषद संपल्यावर बरोबर दोन आठवड्यांनी, १४ सप्टेंबरला, मुंबईत टिळकांना राजद्रोहाबद्दल अठरा महिन्यांची शिक्षा झाली. दुसरी नोंद अशी की मुंबईच्या बेने इस्रायलींना या परिषदेचे निमंत्रण आले होते, पण सियोनला, म्हणजे जेरुसलेमच्या भूमीत, परत नेणे हे ईश्वराचे काम आहे, असे म्हणून त्यांनी ते नाकारले. कोकणात तेलाचे घाणे चालवून शनिवारी काम बंद ठेवणाऱ्या आणि त्यामुळे ‘शनिवार तेली’ म्हणून ओळखल्या गेलेल्या त्या समाजाला आपले दुखणे युरोपातल्यासारखे वाटले नसावे, असे वडिलांचे मत आहे. ते मला पटते. इतकी वर्षे शेजारी राहून त्यांना येथे कोणी छळले नव्हते.

पुढच्या वर्षीच्या परिषदेत नॉर्डाऊ यांनी ‘स्नायूंचा ज्यूधर्म’ अशी कल्पना मांडली: अंधाऱ्या गल्ल्यांत पिढ्यान्‌पिढ्या वाकलेली शरीरे सरळ झाली पाहिजेत, छाती रुंद झाली पाहिजे, तरुणांनी कसरत केली पाहिजे. बर्लिनमध्ये त्याच वर्षी ‘बार कोखबा’ या नावाचा ज्यूंचा व्यायामसंघ निघाला. हे पान मालकांनी ऐकून घेतले आणि म्हणाले, “म्हंजे तालीम काढा म्हनला.” यापेक्षा नेमका अनुवाद वडिलांनाही सुचला नव्हता. ‘डिजनरेशन’मध्ये उपचाराचे प्रकरण सर्वांत दुबळे आहे, तो उपचार लेखकाला पाच वर्षांनी सापडला, असे हे दोन ग्रंथ शेजारी ठेवल्यावर दिसते.

१९०३ च्या भागाची पाने पुरात सर्वांत अधिक खराब झाली होती. त्या वर्षी ब्रिटिशांनी ज्यूंच्या वस्तीसाठी पूर्व आफ्रिकेत जमीन देऊ केली, जी आजच्या केनियात येते, पण तेव्हापासून ‘युगांडा योजना’ म्हणूनच ओळखली जाते. नॉर्डाऊ यांना योजना मनातून पसंत नव्हती. केवळ हर्त्झल यांच्यासाठी त्यांनी तिची बाजू घेतली आणि तिला ‘रात्रीचा निवारा’ म्हटले. १९ डिसेंबरला पॅरिसमध्ये हनुक्का या ज्यू सणाच्या एका समारंभात एका तरुण रशियन ज्यूने ‘आफ्रिकावाला नॉर्डाऊ मरो’ अशा अर्थाचे ओरडत त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. ते वाचले. ज्या मताशी ते स्वतः पूर्ण सहमत नव्हते त्या मतासाठी त्यांच्यावर गोळी आली. पुढील वर्षी जुलैत हर्त्झल वारले. अध्यक्षपद नॉर्डाऊ यांच्याकडे चालत आले आणि त्यांनी ते नाकारले.

शेवटची वर्षे वडिलांनी भराभर लिहिली आहेत. जन्माने ऑस्ट्रिया-हंगेरीचे नागरिक म्हणून पहिल्या महायुद्धात फ्रान्समधून हद्दपारी, माद्रिदमधील वास्तव्य, आणि युद्धानंतर सहा लाख ज्यूंना तातडीने पॅलेस्टाइनमध्ये नेण्याची योजना, जी त्यांच्याच चळवळीच्या नव्या नेत्यांनी अव्यवहार्य म्हणून बाजूला ठेवली. येथे माझी वडिलांशी तक्रार आहे. १९२२ च्या जनगणनेत तेथे सुमारे ७ लाख ५७ हजार लोक होते, त्यांत ज्यू सुमारे ८४ हजार. बाकीच्यांना विचारल्याशिवाय सहा लाखांचा उपचार लिहून देणे, म्हणजे पुन्हा रोग्याला न पाहता निदान. आणि समासात ही नोंद इंग्रजी ग्रंथावर करणाऱ्या वडिलांनी येथे ती केली नाही. नॉर्डाऊ जानेवारी १९२३ मध्ये पॅरिसमध्ये वारले, आणि १९२६ साली त्यांच्या अस्थी तेल अवीवच्या जुन्या दफनभूमीत नेण्यात आल्या.

आता कामाविषयी. सुट्या फुलस्केप कागदांना पातळ कागदाच्या पट्ट्या लावून त्यांच्या जोड्या केल्या, जोड्यांचे फर्मे केले आणि मेण लावलेल्या दोऱ्याने जुजबंदी, म्हणजे प्रत्येक फर्मा घडीतून शिवणारी, शिलाई घातली. त्यामुळे एवढे जाड पुस्तक असूनही ते टेबलावर पूर्ण उघडे राहते आणि पाने आतल्या बाजूला दबत नाहीत. पाठीला कापड आहे, रेक्झिन नाही. इंग्रजी ग्रंथाचा मूळ पुठ्ठा कुजला होता, तो नवा घातला. जुन्या पाठीवरील नावाचा तुकडा मात्र कापून नव्या पाठीवर चिकटवला, हे मी सांगितले नव्हते. चिखलाचा वास पूर्ण गेलेला नाही आणि तो जाणार नाही, असे मालकांनी आधीच सांगितले होते. उणे बाजू अशी की पंधरा दिवस सांगून सदतीस दिवस लागले, दूरध्वनी उचलला जात नाही, आणि शेवटच्या अस्तराचा कागद एका कोपऱ्यात फुगला आहे. दोन्ही कामांचे मिळून एक हजार सहाशे रुपये झाले, ते मला कमीच वाटले.

पाठीवर सोनेरी अक्षरांनी काय घालायचे, हे शेवटी ठरले. त्यांच्याकडे एका अक्षराला दोन रुपये पडतात, म्हणून मालक नेहमी नाव आखूड करायला सुचवतात. मी ‘मॅक्स नॉर्डाऊ’ लिहून दिले. त्यांनी कागदाकडे पाहून विचारले, “डॉक्टर न्हवता का हा?” मी कागद परत घेऊन पुढे ‘डॉ.’ लिहिले.

दुकान सोमवारी बंद असते. भिजलेले कागद घेऊन जाणार असाल तर वाळवून न्या, ओले नेऊ नका, आणि कडा कापायच्या नसतील तर ते पुस्तकावरच चिठ्ठी लावून लिहून ठेवा.